दारातला वरवंटा

नीलम्माच्या घराचं दार कधी पूर्ण लागत नाही. उंबऱ्यावर, दार आणि चौकट यांच्या मधोमध, एक काळा वरवंटा आडवा पडलेला असतो. पाहुण्याच्या पायाला ठेच लागली की तो विचारतो, "हे काय ठिवलं हो इथं?" नीलम्मा सांगते, "वाऱ्यानं दार आपटतंय." वारा नसला तरी तेच सांगते. गावातलं माणूस मात्र विचारत नाही. त्या गावात प्रत्येकाच्या घरी असं काही ना काही आहे. कुणी थंडीतसुद्धा अंगणातच अंथरूण टाकतं, कुणी उशाशी बॅटरी घेतल्याशिवाय पाठ टेकत नाही, कुणी डोक्यावर साधी फळी ठोकू देत नाही.

गाव निलंग्याच्या रस्त्याला आहे. म्हणजे नवं गाव. रुंद सडका, एकसारखी घरं, घरांपुढं आता डोक्यावर गेलेले लिंब. जुनं गाव तिथून अर्ध्या कोसावर वेड्या बाभळीखाली निजलेलं आहे. त्र्याण्णव सालच्या भूकंपात ते खाली बसलं. जाड दगडाच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. ज्या भिंतींचा गावाला अभिमान होता, त्याच अंगावर आल्या.

नीलम्माच्या माहेरच्या घरातून निघालेली एकच वस्तू धड होती. आईचा वरवंटा. पाटा दुभंगला, वरवंटा राहिला. आई तर राहिलीच नाही. वडील मल्लिनाथअप्पा त्या रात्री रानात राखणीला होते म्हणून वाचले. पुढं नीलम्माचं लग्न गावातल्या गावात, किराणा दुकानवाल्या धोंडप्पाशी झालं, तेव्हा अप्पांनी भांड्याकुंड्याबरोबर तो वरवंटा दिला आणि म्हणाले, "तुझ्या आईचं एवढंच हाय माझ्याकडं."

लग्नाच्या पहिल्या रात्री धोंडप्पा दार लावायला उठला. कडीला हात घालता घालता त्यानं मागं वळून बघितलं. नवरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं कडी सोडली. सामानातून वरवंटा काढला, उंबऱ्यावर ठेवला, दार त्याला टेकवलं आणि म्हणाला, "झालं. आता नीज." त्या एका गोष्टीसाठी नीलम्मानं नवऱ्याच्या शंभर चुका पोटात घातल्या, आणि धोंडप्पानंही त्या शंभर पुऱ्या करण्यात हयगय केली नाही.

आता नीलम्माच्या घरी सून आहे. वर्षाराणी. ती रेणापूरकडची, भूकंपानंतर जन्मलेली, बारावी शिकलेली. तिनंही कधी त्या दगडाबद्दल विचारलं नाही. सकाळी झाडताना उचलते, उंबरा पुसते आणि होता तिथं ठेवते.

गावात बायांचा एक गट आहे. त्या येसर करतात. येसर म्हणजे आपल्याकडचा भाजून दळलेला मसाला. ज्वारी, डाळ, धणे, मिरे, सगळं मंद आचेवर आपापल्या वेळेनं भाजायचं आणि एकत्र दळायचं. लग्नाच्या पंगतीला त्याची आमटी उकळली की आवतन नसलेल्या माणसाचेही पाय तिकडं वळतात. गटाची अध्यक्ष नीलम्मा. लातूरच्या दुकानांना माल पोचवणं तिच्याकडं. पण भाजणीचा शेवटचा शब्द तुळजाबाईचा. ती कढईवर नाक नेऊन "उतरवा" म्हणाली की कढई खाली.

ती तुळजाबाई आता नांदेडला निघाली होती. डोळ्यांनी अंधुक दिसू लागलं, गुडघे बोलू लागले. मुलगा हरिओम तिथं नोकरीला. तो किती वर्षं म्हणत होता, यंदा तिनं हो म्हटलं. दिवाळी झाली की जायचं.

गटाची दरवर्षी एक सहल निघते. सहल म्हणजे देव. तुळजापूर झालं, माहूर झालं, औंढा झालं. यंदा सगळ्यांनी ठरवलं, काकू म्हणतील तिकडं. येसराचे डबे भरता भरता शिवगंगानं विषय काढला. शिवगंगा गटातली सगळ्यात मोठ्या तोंडाची बाई.

"बोला काकू. कोणता देव?"

"देवांनी मला लई बघितलंय," तुळजाबाई म्हणाली. "आता मलाच ते नीट दिसंनात. मला त्या खोलीत जायचंय. वर्षाराणीच्या मोबाईलमधल्या."

"कोणत्या खोलीत?"

"ती गं, कोंडून घेतेत ती."

मागच्या आठवड्यात वर्षाराणीनं सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवला होता. लातूरला अशा खोल्या निघाल्या आहेत म्हणे. एस्केप रूम म्हणतात. चार-सहा जण पैसे भरून आत जातात, बाहेरून दार लागतं. आत कोडी असतात. एक सुटलं की दुसरं सापडतं, शेवटी किल्ली हाती येते. तासाभरात बाहेर आलं तर जिंकलं.

तेव्हाच शिवगंगा म्हणाली होती, "पैसे देऊन कोंडून घ्यायचं? माझ्या सासूनं फुकट कोंडलं असतं की!"

आताही सगळ्या हसल्या. मग एकेक करून गप्प झाल्या आणि नीलम्माकडं बघू लागल्या. तुळजाबाई तेवढी कुणाकडंच बघत नव्हती. परातीतले धणे चिमटीत घेऊन खडे निवडत होती. निवडलेल्याच धण्यांतून पुन्हा निवडत होती.

नीलम्माची नजर दाराकडं गेली. पण तोंडातून शब्द गेला, "ठरलं मंग. मी चौकशी करते."

असं ती का म्हणाली, हे कळायला भूकंपाच्या त्या दिवसाकडं एकदा वळावं लागेल. फार वेळ थांबायचं नाही.

नीलम्मा तेव्हा सातवीत होती. गणपती बोळवून गाव नुकतंच निजलं होतं. जाग आली तेव्हा वर-खाली सगळं काळं, तोंडात माती, आणि एक तुळई तिरपी येऊन धान्याच्या कणगीवर टेकलेली. त्या तिरप्या जागेत ती दुमडून पडली होती. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरलेलं. तिनं हाक मारली आणि उजाडल्यावर ती हाक शेजारच्या तुळजाबाईला ऐकू आली.

तुळजाबाईचा उजवा हात मोडला होता. गावात ज्याला दोन हात उरले होते तो दगड उचलत होता. तिला उचलता येईना. माणसं तर आधी ज्याच्या त्याच्या घराकडं धावलेली. म्हणून ती त्या ढिगाऱ्यावर, जिथून आवाज आला त्या फटीशी तोंड लावून पालथी पडली आणि बोलू लागली.

"रडू नगंस. रडलीस तर तहान लागंल."

"काकू, आई कुठाय?"

"हाय तिकडं. तू माझ्याशी बोल. एक कोडं घालते. उत्तर दिल्याबिगर दुसरं मिळायचं न्हाई, सांगून ठिवते."

आणि तिनं कोडी घातली. एकाचं उत्तर जातं, एकाचं लसणाची गड्डी, एकाचं मिरची. भरल्या घरात जात्यावर बसून घालतात तशी. मधेच शेजारच्या बकरीला शिव्या, मधेच शेंगदाण्याची चटणी कशी कुटायची ते. मग पुन्हा कोडं. पोरगी उत्तर द्यायची. तिचा आवाज बारीक झाला की वरून आवाज मोठा व्हायचा, "झोपलीस का गं? इतकं सोपं येईना व्हय?" दुपार कलली तेव्हा माणसं तिथवर पोचली. दगड हलू लागले. त्याच्या जरा आधीच तुळजाबाईनं शेवटचं कोडं घातलं होतं:

घर हाय, दार न्हाई.
बसलंय कुणी, दिसत न्हाई.
हाक मारली, ओ देतंय;
भाकर दिली, घेत न्हाई.

त्याचं उत्तर द्यायच्या आत नीलम्मा उजेडात आली.

पुढं पत्र्याची शेडं आली, पाऊस आला, चिता झाल्या, माती झाली. उत्तर विचारायचं राहून गेलं. मग विचारायची वेळ निघून गेली. त्या दिवसाबद्दल दोघी कधीच बोलल्या नाहीत. उत्तर विचारलं तर सगळा दिवसच पुन्हा उघडेल, असं नीलम्माला वाटायचं. पण कोडं तिच्या डोक्यातून गेलं नाही. भाकरी थापताना, कढई हलवताना ती ते घोळवायची. अंडं म्हणावं तर अंडं ओ देत नाही. विहीर म्हणावी तर विहीर भाकर घेते. शाळेतले गुरुजी म्हणाले, पडसाद. पण पडसाद कुठं बसलेला असतो?

एकदा धोंडप्पाला विचारलं. तो म्हणाला, "सरकारी हापिस."

"भाकर दिली तर घेत न्हाई, असं हाय त्यात."

"मंग सरकारी हापिस न्हाई," धोंडप्पा म्हणाला आणि गिऱ्हाइकाची साखर जोखू लागला.

आपल्याकडं बाया एकमेकींचे आभार मानत नाहीत. तसा शब्दच जिभेवर बसत नाही. नीलम्मा दिवाळीचं पहिलं ताट तुळजाबाईकडं नेते. नव्या हरभऱ्याचा पहिला डहाळा, पहिल्या भाजणीचं पहिलं माप तिचं. मुलगी नसलेल्या त्या बाईच्या डोक्याला तेल लावते. पण तुळजाबाईनं स्वतःहून कधी काही मागितलं नव्हतं. हातावर पाणी मागितलं नव्हतं. आणि जायच्या तोंडावर मागितलं ते हे! दुसरं काहीही मागितलं असतं तर नीलम्मानं धावत आणून दिलं असतं. बंद दाराच्या आत बसणं तेवढं तिला येत नव्हतं. आणि तिला सोडून बाकीच्या गेल्या, तर मागितलेलं अर्धंच दिल्यासारखं होणार होतं.

म्हणून आपल्याला सोसेल अशी खोली शोधायची, असं तिनं मनाशी धरलं.

वर्षाराणी फोन लावायची, आवाज मोठा करून ठेवायची. पहिला फोन नांदेडला लागला.

"आमच्याकडे तीन थीम आहेत मॅडम. शवागार, तुरुंग आणि थडगं."

"लग्नाचा हॉल न्हाई का ह्याच्याकडं?" शिवगंगा मागून म्हणाली.

दुसरा लातूरचाच. तो माणूस मोठ्या अभिमानानं सांगू लागला, "दार बाहेरून पॅक. आत पूर्ण काळोख. लोक रडतात मॅडम आमच्याकडे!"

नीलम्मानं हातानंच खूण केली, फोन बंद.

"काकूंच्या डोळ्याला अंधार चालायचा न्हाई," ती म्हणाली.

"हाव आत्या," वर्षाराणी म्हणाली. "आणि काकूंना दार आतून उघडता आलं पाहिजे. विचारते ना?"

"विचार."

"काकूंना वर जड छत नको."

"नको."

सासू काकूंच्या नावानं विचारायची, सून काकूंच्या नावानं विचारून द्यायची. दोघींनाही ठाऊक होतं कुणासाठी चाललंय ते. शेवटी वर्षाराणीचे डोळे भरले. "आत्या, मी तो व्हिडिओच दाखवायला नव्हता पाहिजे."

"येडी हायस का? तू दाखवला म्हणून तर काकूंनी काही मागितलं. माझ्यानं इतक्या वर्षांत ते झालं नव्हतं."

तिसरी जागा औसा रोडला निघाली. चालवणारा सोमेश नावाचा तरुण. पुण्यातली नोकरी सोडून गावाकडं आलेला. त्यानं फोनवर सांगितलं, "काकू, तुम्ही येऊन बघाच. फोनवर खोली कशी दिसणार?"

बुधवारी येसराचे डबे दुकानांना पोचवले आणि नीलम्मा एकटीच तिथं गेली. पिशवीत रिकाम्या डब्यांच्या खाली वरवंटा होता. कशाला घेतला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सोमेशनं पहिली खोली दाखवली, राजाचं भुयार. नीलम्मानं दारातूनच आत बघितलं आणि दोन पावलं मागं सरली. दुसरी कैद्याची कोठडी. ती तिनं बघितलीच नाही. तिसऱ्या खोलीशी तिचे पाय थबकले. आत एक माजघर होतं. चूल, फडताळ, उतरंड, शिंकं, भिंतीला टांगलेलं सूप. जुन्या घरातलं वाटावं असं. कोपऱ्यात एक पाटा होता.

"हे आजीचं माजघर," सोमेश म्हणाला. "आजी कुठंतरी दागिने ठेवून विसरली आहे. ते शोधायचे."

"वर काय हाय?"

"कुठं वर?"

"ह्या छताच्या वर."

आजवर हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "पत्रा आहे काकू. हे खालचं नुसतं पुठ्ठ्यासारखं आहे."

"पत्रा बरा," नीलम्मा म्हणाली. "दार कसं लागतं?"

सोमेशनं दाखवलं. वर लोहचुंबक होतं, विजेवर चालणारं. आत दाराशेजारी एक हिरवं बटण. ते दाबलं की दार सुटतं. "कुणाला भीती वाटली तर कधीही दाबायचं."

"आन् लाईट गेली तर?"

"लाईट गेली की चुंबक सुटतं. दार आपोआप उघडतं."

नीलम्मा थोडी हसली. "मंग आमच्या गावात हे दार कधी लागायचंच न्हाई."

ती आत गेली. सोमेशनं हळूच दार ओढून घेतलं. तिनं बटण दाबलं. दार उघडलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा दाबलं. असं कितीतरी वेळा झालं. पण बटणावरचं बोट काढून हात खाली घेतला की श्वास अडकायचा. शेवटी ती घामेजून बाहेर आली, पिशवीतून वरवंटा काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"हा दारात ठिवला तर चालंल का? बोटभर फट राहील फक्त."

सोमेश त्या दगडाकडं आणि मग तिच्याकडं बघत राहिला. "काकू, दार उघडं राहिलं तर खेळ कसला?"

"मी जुन्या गावची हाय," नीलम्मा म्हणाली. "भूकंपाच्या."

लातूरच्या माणसाला त्यापुढं सांगावं लागत नाही. सोमेशनं मान खाली घातली. मग म्हणाला, "ठेवा काकू. आणि मी बाहेर बसून कॅमेऱ्यात बघत स्पीकरवर बोलत असतो. तुम्ही म्हणाल तेव्हा बोलेन."

"बोलत राहा," ती म्हणाली. "तेवढं लई होतं."

घरी आल्यावर धोंडप्पानं विचारलं, "मिळाली का खोली?"

"मिळाली. माणूस बी चांगला मिळाला."

सहलीच्या दिवशी गटाच्या बाया ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून क्रूझर गाडीत दाटीवाटीनं बसल्या. सोबत धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. औसा रोडला उतरल्यावर त्यांनी चपला दाराबाहेर ओळीनं काढल्या, आणि शिवगंगानं उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. सोमेशनं नियम सांगितले. सगळ्यांनी मान डोलावली. नीलम्मानं वरवंटा दारात ठेवला. दार त्याला टेकलं. फटीतून बाहेरच्या उजेडाची एक रेघ आत जमिनीवर पडली. नीलम्मा त्या रेघेवर पाय ठेवून उभी राहिली.

"वेळ सुरू झाली," वरून सोमेशचा आवाज आला. "माजघर नीट बघा. पहिली खूण समोरच आहे."

बायांनी माजघर नीट बघितलं. आणि त्यांना ते बघवेना.

फडताळात मसाल्याच्या बरण्या कशाही, मागं-पुढं लावलेल्या. उतरंडीत थोरल्या मडक्यावर धाकटं, त्यावर पुन्हा थोरलं. सूप उलटं टांगलेलं. चुलीपुढं राख. धान्याच्या वाट्या जमिनीवर मांडलेल्या, कशात मूठभर डाळ, कशात चार दाणे.

"कुण्या बाईचं घर म्हणावं हे!" शिवगंगानं पदर खोचला. "वर्षाराणी, तो झाडू घे गं."

आणि कुणी काही म्हणायच्या आत सगळ्यांचे हात चालू झाले. कामाच्या बायांचे हात ते. बरण्या पुसून उंचीप्रमाणं लावल्या. उतरंड उतरवून नीट रचली. सूप सुलटं केलं. वाट्यांतली डाळ डाळीत, दाणे दाण्यांत ओतले आणि वाट्या एकात एक घालून ठेवल्या. राख भरली. कसला तरी चिटोरा चुलीत पडला होता, तो कचऱ्याबरोबर गोळा झाला.

"काकू, मावशी, अहो थांबा!" वरून सोमेश ओरडला. "बरण्यांच्या क्रमातच खूण होती! वाट्यांत मोजून दाणे ठेवले होते मी!"

"तर मंग सांगायचं ना बाबा आधी," शिवगंगा छताकडं तोंड करून म्हणाली. "आम्हाला वाटलं तुमची कामवाली आली न्हाई."

स्पीकर खरखरला. मग हसण्याचा आवाज आला. सोमेश हसत होता आणि हसू आवरत नव्हतं. "आता हे कोडं मलाही सुटणार नाही," तो म्हणाला. "बसा निवांत. तास तुमचाच आहे."

मग बाया बसल्या. जमीन सारवल्यासारखी स्वच्छ झाली होती. कुणी पाय पसरले, कुणी पान लावलं. तुळजाबाई भिंतीला टेकून बसली होती, हात चाचपडत पाट्यापर्यंत गेला होता. तिनं पाट्यावरून तळवा फिरवला.

"पाटा चांगला हाय. टाकी लावलेला. पण वरवंटा न्हाई ह्याला."

"भंगारवाल्याकडून घेतला होता मावशी," वरून आवाज आला. "एकटाच मिळाला."

"मोकळा पाटा बरा दिसत न्हाई," तुळजाबाई म्हणाली. एवढंच म्हणाली. नीलम्माकडं बघून नाही, असंच.

सगळं आवरून झालं होतं. माजघरात तेवढी एकच गोष्ट जागेवर नव्हती. नीलम्मा दाराशी उभी होती. पायाशी उजेडाची रेघ, रेघेच्या टोकाला आईचा वरवंटा. तिनं खोलीत नजर फिरवली. नऊवारीतली, पाचवारीतली, तंबाखू मळणारी, घाम पुसणारी सगळी आपली माणसं. मधोमध मोडून वाकडा जुळलेला हात मांडीवर घेऊन बसलेली तुळजाबाई.

नीलम्मा वाकली. वरवंटा उचलला. मागं दार आपोआप सरकलं आणि चुंबकाला चिकटून टक् असं वाजलं. उजेडाची रेघ पुसली गेली. वर्षाराणी उठून हिरव्या बटणापाशी जाऊन बसली, नुसती बसली. नीलम्मा चालत पाट्यापर्यंत आली, वरवंटा त्यावर ठेवला आणि तुळजाबाईच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून खाली बसली. तुळजाबाईनं वाकड्या हातानं तिचं मनगट धरलं.

"काकू," नीलम्मा म्हणाली, "तुम्हाला हितंच का यायचं होतं?"

"तू आत होतीस," तुळजाबाई म्हणाली. "मी वर होते. उजेडात. मी नुसतं बोलत होते. आत कसं वाटत असंल, ते मला कधी कळलं न्हाई. विचारायची बी छाती झाली न्हाई. म्हणलं, नांदेडला जायच्या आधी एकदा तुझ्याशेजारी आत बसावं. तू यायची न्हाईस असंच वाटलं होतं मला. आलीस."

नीलम्मानं वरवंट्यावर हात ठेवला. मग तिनं विचारलं, "ते शेवटचं कोडं. घर हाय, दार न्हाई. त्याचं उत्तर काय हो काकू? मी लई शोधलं. अजून सापडलं न्हाई."

तुळजाबाईचे खांदे हलू लागले. रडतेय की काय म्हणून सगळ्या पुढं सरसावल्या. ती हसत होती.

"अगं, त्याला उत्तर कुठलं! माझ्याकडची कोडी संपली होती. घरात शिकलेली, सासरी ऐकलेली, सगळी झाली. तुझा आवाज तर बारीक होत चालला. मंग पुढ्यात जे दिसत होतं तेच जुळवून म्हणलं. पडलेलं घर, दार न्हाई. आत तू. हाक मारली की ओ देत होतीस. भाकरीचा तुकडा फटीतून खाली सोडला, तो मधीच अडकला, तुला घेता आला न्हाई. उत्तर असतं तर तू पटकन देऊन गप्प झाली असतीस. न्हाई म्हणून विचार करत जागी राहिलीस."

नीलम्मा ऐकत राहिली. इतकी वर्षं ती विहिरीत, अंड्यात, पडसादात उत्तर शोधत होती. शोधणारीच आत बसलेली होती.

तिनं तुळजाबाईच्या पायांना हात लावला. मग तिथंच कपाळ टेकलं आणि वेळ लावून टेकलं. आभाराचा शब्द आपल्याकडं नाही, त्याची उणीव त्या खोलीत कुणाला भासली नाही. शिवगंगा पदरानं नाक पुसत छताकडं बघून ओरडली, "ए बाबा, ऐकून राहिलास का? नुसतं ऐकू नको, चहा सांग!"

"सांगितला मावशी," वरून आवाज आला. तो आवाजही ओला होता. "वेळ संपलीय. दार उघडू का?"

सगळ्यांनी नीलम्माकडं बघितलं.

"थांब जरा," नीलम्मा म्हणाली. "चहा येऊ दे."

परतताना औसा मागं पडलं तेव्हा वर्षाराणी एकदम म्हणाली, "आत्या, वरवंटा! पाट्यावरच राहिला. फोन लावू का त्यांना?"

नीलम्मानं बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना तूर फुलली होती, पिवळीधमक. "राहू दे," ती म्हणाली. "पाट्यावर हाय तो. जागेवर हाय."

"मंग आपल्या दारात काय ठिवायचं?"

"सासऱ्यांना विचार. त्यांना सुचतं."

गाडीत पुन्हा हसू उठलं. तुळजाबाईचं डोकं नीलम्माच्या खांद्यावर टेकलं होतं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "नीले, आता उत्तर असलेलं एक घालू का?"

"घाला की काकू," नीलम्मा म्हणाली. "पण सांगून ठिवते, मला लगेच आलं तरी मी आज सांगणार न्हाई. तुम्ही नांदेडला गेलात की फोन करून सांगीन. आन् सांगितलं की लगेच दुसरं घालायचं."